सैनिकपत्नीच्या रोजगाराचा बेदखल प्रश्न

दरवर्षी ७ डिसेंबरला राजधानीतील मंत्रालयांच्या दालनांतून सशस्त्र सेना ध्वजदिनाचा छोटासा ध्वज अधिकाऱ्यांच्या कोटावर लावला जातो. १९४९ पासून चालत आलेली ही प्रथा आहे. या दिवशी जमा होणारा निधी युद्धविधवा, अपंग जवान, माजी सैनिक आणि त्यांची मुले यांच्यासाठी खर्च होतो. तो तसाच खर्च व्हावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र या यादीत एका व्यक्तीला स्थान नाही. पती धडधाकट आहे, सेवेत आहे आणि सीमेवर किंवा एखाद्या छावणीत तैनात आहे, अशी ही विशीच्या उंबरठ्यापासून चाळिशीपर्यंतची स्त्री. शिकण्याची, उमेदवारी करण्याची, पहिली नोकरी धरून पुढे जाण्याची तिची सारी वर्षे पतीच्या बदल्यांत निघून जातात. आणि पती निवृत्त झाला की, ‘तुम्हाला अनुभव किती?’ या प्रश्नापुढे ती निरुत्तर होते.

दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांच्या घरांत हा प्रश्न अपरिचित नाही. बदलीच्या नोकरीत पत्नीने सोडलेली शिक्षिकेची जागा, अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम, नव्या गावी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हे अनेकांनी अनुभवले आहे. तथापि नागरी सेवेत निदान एक आधार आहे. पती-पत्नी दोघेही सरकारी सेवेत असतील तर शक्यतो दोघांची नेमणूक एकाच ठिकाणी व्हावी, असे धोरण केंद्राच्या कार्मिक विभागाने १९८६ मध्ये आखले आणि २००९ मध्ये ते अधिक आग्रहाने मांडले. या धोरणाचा लाभ मिळण्यासाठी पत्नीला आधी नोकरी असावी लागते. जिला पहिलीच नोकरी मिळायची आहे, तिच्यासाठी त्यात काही नाही. जवानाची पत्नी बहुधा याच दुसऱ्या वर्गात मोडते.

गावात राहिली तर

गडहिंग्लज तालुक्यातील बारावी झालेल्या एखाद्या मुलीचे उदाहरण घेऊ. तिचा विवाह सैन्यातील शिपायाशी झाला. पतीची नेमणूक ‘फील्ड’ भागात असेल तर ती बरोबर जाऊ शकत नाही. ‘पीस’ ठाण्यावर असेल, तरी विवाहितांसाठीची निवासस्थाने सर्वांना पुरत नाहीत, पाळी येईपर्यंत थांबावे लागते. म्हणून विवाहानंतरची काही वर्षे ती सासरी काढते.

गावात राहणाऱ्या स्त्रीपर्यंत शासनाचे कौशल्य प्रशिक्षण पोहोचते, असे आपण मानतो. पण ग्रामीण युवकांना नोकरीसाठी तयार करणाऱ्या बहुतेक मोठ्या योजना गरीब कुटुंबांसाठी आखलेल्या आहेत, आणि गरिबी ठरवण्याच्या आपल्या पद्धतीत सरकारी नोकर असलेले घर सुरुवातीलाच बाजूला काढले जाते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेत घरातील एखादी व्यक्ती सरकारी नोकरीत असणे हा कुटुंब आपोआप वगळण्याचा एक निकष होता. जवान हा सरकारी नोकरच. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे प्रारंभिक मूळ वेतन २१,७०० रुपये आणि लष्करी सेवा वेतन ५,२०० रुपये, शिवाय भत्ते. हे वेतन दारिद्र्याचे नव्हे, हे खरेच. पण त्यावर एक घर गावात आणि दुसरे नेमणुकीच्या ठिकाणी चालवायचे असते. निकष लावणाऱ्यांच्या कागदावर ते एकच घर असते.

आता तिला पतीबरोबर जायची संधी मिळाली, असे समजू. जोधपूर, पठाणकोट, जबलपूर किंवा तेजपूर. साधारण दोन-तीन वर्षांचा मुक्काम.

बरोबर गेली तर

नव्या गावी तिच्यासमोर पहिली अडचण येते ती ‘स्थानिक’ असण्याची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्रवेशांत त्या त्या राज्याच्या अधिवासाला महत्त्व असते. अंगणवाडी सेविका त्याच गावची वा वस्तीची रहिवासी असावी लागते. ‘आशा’ कार्यकर्तीची निवडही गावातल्याच स्त्रियांतून होते. कमी शिक्षणावर मिळणारी आणि स्त्रियांना सोयीची अशी जी थोडी कामे सरकारी व्यवस्थेत आहेत, ती जवळपास सगळी गावाशी बांधलेली आहेत. स्थानिक स्त्रीला काम मिळावे, या योग्य हेतूनेच ती तशी बांधली गेली. पण जिला कोणतेच गाव दोन-तीन वर्षांपलीकडे आपले म्हणता येत नाही, तिला हा नियम सगळीकडेच परका ठरवतो.

अधिक शिकलेल्यांचीही सुटका नाही. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीची नोंदणी एका राज्याच्या परिचर्या परिषदेकडे असते. दुसऱ्या राज्यात काम करायचे तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि नवी नोंदणी, यांत कित्येक महिने जाऊ शकतात. तीन वर्षांच्या मुक्कामातले हे महिने स्वस्त नाहीत. अध्यापन पदविका घेतलेल्या मराठी मुलीला पंजाबात किंवा राजस्थानात सरकारी शाळेत शिकवायचे तर त्या राज्याची पात्रता परीक्षा आणि तिथली भाषा आड येते. केंद्रीय पात्रता परीक्षा २०११ पासून आहे, आणि २०२१ मध्ये तिचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी वैध झाले. पण राज्यांच्या शाळांचे दरवाजे तेवढ्याने उघडत नाहीत.

उरते ती छावणीतील कल्याण केंद्रांची शिकवणी. आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन ही संस्था १९६६ मध्ये नोंदली गेली. नौदल आणि हवाई दलातही तशाच संघटना आहेत. शिवणकाम, ब्युटी पार्लर, बेकरी, संगणकाची तोंडओळख असे वर्ग या संघटना वर्षानुवर्षे चालवीत आल्या आहेत. मोर्चावर गेलेल्या पतीच्या अनुपस्थितीत छावणीतल्या स्त्रियांना एकत्र आणण्याचे, धीर देण्याचे त्यांचे काम मोलाचे आहे. संघटनेचे नेतृत्व मात्र पतीच्या हुद्द्यानुसार ठरते. सेनाप्रमुखांची पत्नी अध्यक्षा, खाली युनिटमध्ये कमांडिंग ऑफिसरची पत्नी. वर्ग कोणता चालावा हे बहुधा त्या वेळच्या अध्यक्षांच्या हौसेवर आणि उपलब्ध शिक्षिकेवर अवलंबून राहते. त्यांची बदली झाली की वर्गाचाही रागरंग बदलतो. जवानाच्या पत्नीने त्या वर्गाबद्दल तक्रार करावी, अशी अपेक्षा धरणेही कठीण. कारण समोर तिच्या पतीच्या साहेबांचे घर असते.

हे वर्ग कल्याणाच्या भावनेतून चालतात, रोजगाराच्या हिशेबातून नव्हे. किती स्त्रियांना नोकरी लागली, असा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही.

मृत्यूनंतर उघडणारी दारे

शासनाला सैनिकाची पत्नी अजिबात दिसत नाही, असे मात्र नाही. ती दिसते पती निवृत्त झाल्यावर किंवा त्याच्या मृत्यूनंतर. २००४ मध्ये संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याण विभाग स्थापन झाला. त्याच्या अखत्यारीतील पुनर्वसन महासंचालनालय दरवर्षी सेवेतून बाहेर पडणाऱ्या सुमारे ६० हजार सैनिकांसाठी अभ्यासक्रम चालवते. ते निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सैनिकांसाठी असतात, आणि विधवांनाही त्यांत वाव असतो. केंद्रीय सैनिक मंडळाकडून विधवांना व्यवसाय प्रशिक्षणासाठी एकरकमी अनुदान मिळते. २००६-०७ पासूनची पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि विधवांसाठी आहे. सेवेतील जवानाची पत्नी उद्या परिचर्येचा अभ्यासक्रम करू म्हणेल, तर ही शिष्यवृत्ती तिला नाही.

सातारा जिल्ह्यातील कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी निवड चाचण्या पार करून, वयोमर्यादेत मिळालेल्या सवलतीसह, चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत खडतर प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. उभ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले, आणि ते सर्वस्वी उचित होते. सैनिकाची पत्नी प्रशिक्षण मिळाल्यास कुठपर्यंत जाऊ शकते, हे त्यांनी सिद्ध केले. पण असे प्रशिक्षण, अशी सवलत आणि असा पाठिंबा यांचा विचार पतीच्या हयातीत का होत नाही, हा प्रश्न त्या कौतुकात कुणी विचारला नाही. अधिकारीपद तर दूरच. साध्या कारकुनाच्या, औषध वितरकाच्या किंवा प्रयोगशाळा साहाय्यकाच्या कामासाठीही सेवेतील जवानाच्या पत्नीला शिकवून तयार करणारी, देशभर एकसारखी चालणारी व्यवस्था आपल्याकडे नाही.

अमेरिकेने हा खर्च का केला?

अमेरिकेत या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले. १९७३ मध्ये सक्तीची लष्करी भरती बंद झाल्यावर सैनिक टिकवून धरणे ही तिथल्या संरक्षण खात्याची गरज बनली. पत्नीचे करिअर सतत मोडत असेल तर प्रशिक्षित सैनिक नोकरी सोडतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून २००९ मध्ये सैनिकांच्या जोडीदारांसाठी परवाने, प्रमाणपत्रे आणि पदविका यांचा खर्च देणारी योजना आली. सुरुवातीला ती सर्व हुद्द्यांना खुली होती आणि तिची मर्यादा ६ हजार डॉलर होती. अर्जांचा असा लोंढा आला की फेब्रुवारी २०१० मध्ये ती अचानक थांबवावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मर्यादा ४ हजार डॉलरवर आली होती आणि लाभ कनिष्ठ हुद्द्यांच्या जोडीदारांपुरता ठेवण्यात आला होता.

या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. मागणी किती दबून राहिली होती, याचा अंदाज खुद्द संरक्षण खात्यालाही नव्हता. आणि पैसा मर्यादित असेल तर तो खालच्या हुद्द्यांसाठी राखावा लागतो, हे त्यांनी एका फजितीनंतर मान्य केले. पुढे २०११ मध्ये नोकरी देणाऱ्या कंपन्यांशी भागीदारी झाली. जानेवारी २०२३ मध्ये १२ आठवड्यांच्या सवेतन उमेदवारीचा प्रयोग सुरू झाला. त्याच महिन्यात एका राज्याचा व्यवसाय परवाना दुसऱ्या राज्यात चालावा, अशी कायदेशीर तरतूदही झाली. एवढे करूनही २०२१ च्या त्यांच्या पाहणीत सेवेतील सैनिकांच्या जोडीदारांमधील बेरोजगारी २१ टक्के होती. म्हणजे अमेरिकेलाही हे कोडे सुटलेले नाही. फरक इतकाच, की त्यांच्याकडे निदान तो आकडा आहे.

आपल्याकडे रोजगाराच्या राष्ट्रीय पाहण्यांत लष्कराच्या बराकी वगळल्या जातात. जवानांची कौटुंबिक निवासस्थाने मात्र पाहणीच्या कक्षेत धरली जातात. म्हणजे सैनिकपत्नी मोजली जाते, पण सैनिकपत्नी म्हणून तिचा वेगळा आकडा मांडला जात नाही. आणि आकडा नसलेल्या प्रश्नाला दिल्लीत फाइल मिळत नाही, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

राजकारणाच्या हिशेबात ती कुठे?

आपल्याकडे हा प्रश्न पुढे न येण्याचे पहिले कारण भरतीच्या रांगांत आहे. एका जागेसाठी कितीतरी तरुण धावायला तयार असताना, पत्नीच्या नोकरीअभावी जवान सैन्य सोडेल, ही चिंता संरक्षण मंत्रालयाला वाटत नाही.

दुसरे कारण मतपेटीत आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार सैनिक आपल्या मूळ गावच्या यादीत ‘सेवा मतदार’ म्हणून नोंदला जातो, आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या पत्नीलाही तशी नोंद करता येते. या तरतुदीत ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द २०२१ च्या दुरुस्तीने आला. अशी नोंद झालेली स्त्री राहते पठाणकोटला आणि तिचे मत असते कोल्हापूर जिल्ह्यात. जिथे ती राहते, तिथल्या आमदाराला तिची गरज नाही. जिथे तिचे मत आहे, तिथल्या उमेदवारासमोर ती नसते. माजी सैनिक संघटित आहेत. ‘एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी २०१५ मध्ये त्यांनी जंतरमंतरवर ठाण मांडले आणि सरकारला निर्णय घ्यावा लागला. सेवेतील जवानाला आंदोलनाचा अधिकार नाही, आणि त्याच्या शिस्तीची सावली पत्नीवरही पडते.

तिसरे कारण अर्थखात्याच्या धास्तीत आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण निवृत्तिवेतनासाठी सुमारे १ लाख ६० हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यात नव्या वर्गाचा हक्क निर्माण करायला कोण तयार होईल? हा आक्षेप गंभीर आहे. परंतु प्रशिक्षण हे निवृत्तिवेतन नव्हे. निवृत्तिवेतनासाठी जवानाची किमान १५ वर्षांची सेवा लागते, आणि अनेक जवान चाळिशीच्या आतच बाहेर पडतात. त्या वेळी घरात दुसरे उत्पन्न असेल तर सुरक्षारक्षकाची पहिली मिळेल ती नोकरी पत्करण्याची निकड उरत नाही.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेमुळे या हिशेबाला नवे वळण मिळाले. अग्निवीर भरतीच्या वेळी अविवाहित असणे बंधनकारक आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही. या तरुणांचे संसार पुढे उभे राहतील तेव्हा मासिक निवृत्तिवेतनाचा आधार गृहीत धरता येणार नाही. पश्चिम महाराष्ट्रातील ज्या गावांचे अर्थकारण पिढ्यान्‌पिढ्या लष्कराच्या मनीऑर्डरीवर आणि नंतर निवृत्तिवेतनावर उभे राहिले, त्यांना याचा अर्थ लवकर कळेल. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. अशा गावांतील मुलींनी लग्नाआधी आणि लग्नानंतर काय शिकावे, हा आता घरगुती प्रश्न राहिलेला नाही.

छावणीतच असलेले उत्तर

उत्तरासाठी फार लांब जायला नको. सैनिकपत्नीसाठी उपयोगी पडलेला एक नमुना लष्करापाशीच आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीच्या सार्वजनिक शाळा देशभर आहेत. त्यांतील शिक्षकांसाठी अखिल भारतीय चाळणी परीक्षा होते. ती उत्तीर्ण झालेल्या शिक्षिकेला पुण्यातून जबलपूरला गेल्यावर तिथल्या शाळेत त्याच पात्रतेवर अर्ज करता येतो. नोकरीची हमी नसते, पण पात्रता तिच्याबरोबर प्रवास करते. अडचण एवढीच, की त्यासाठी पदवी आणि अध्यापनाची पात्रता लागते. त्यामुळे या वाटेचा लाभ शिपायाच्या बारावी झालेल्या पत्नीपर्यंत क्वचितच उतरतो.

हीच पद्धत खालच्या पायरीवर का आणू नये? एप्रिल २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेची चारशेहून अधिक चिकित्सालये देशभर आहेत. त्यांत कारकून, डेटा एंट्री ऑपरेटर, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचर्या साहाय्यक अशी पदे कंत्राटी पद्धतीने भरली जातात. मुंबईत मुख्यालय असलेल्या कॅन्टीन स्टोअर्स विभागाच्या मालावर हजारो युनिट कॅन्टीन चालतात. तिथे हिशेब, साठा आणि विक्रीची कामे असतात. जवळपास प्रत्येक मोठ्या ठाण्यावर ही कामे आहेत, आणि त्यांचे स्वरूप सगळीकडे एकच आहे. माजी सैनिकांचे या जागांवरील प्राधान्य कायम ठेवूनही काही जागा सैनिकपत्नींच्या उमेदवारीसाठी ठेवता येतील. एका ठाण्यावर शिकलेल्या आणि काम केलेल्या स्त्रीचे नाव बदलीनंतर पुढच्या ठाण्याच्या प्रतीक्षा यादीत आपोआप जावे, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

कल्याण केंद्रांतील वर्गांना २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी जोडता येईल. मग तेजपूरला घेतलेले प्रमाणपत्र नाशिकच्या मालकालाही वाचता येईल. प्रशिक्षण संस्थांतील प्रवेशासाठी सैनिकपत्नीची नेमणुकीची जागा हाच तिचा रहिवास मानण्याचा निर्णय राज्ये घेऊ शकतात. महाराष्ट्राने तो आधी घ्यावा. पुणे, देवळाली, अहिल्यानगर, कामठी येथील छावण्यांत परराज्यांतील जवानांची कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी आपण दार उघडले, तर आपल्या लेकी-सुनांसाठी इतर राज्यांकडे मागणी करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला मिळेल.

आणि आधी मोजणी व्हावी. जवानाचा विवाह झाला की त्याची नोंद युनिटच्या ‘भाग दोन’ आदेशाने अभिलेख कार्यालयात जाते. पत्नीचे नाव आणि विवाहाची तारीख त्या कागदावर चढते, कारण पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आली तर तीच नोंद प्रमाण मानली जाते. याच नोंदीत तिचे शिक्षण आणि अवगत कौशल्य यांचे दोन रकाने वाढवता येतील. त्यासाठी नवा विभाग नको, नवा कायदा नको, अर्थखात्याची मंजुरीही नको. राजधानीतील ज्या मराठी अधिकाऱ्यांच्या हातून असे नमुने आणि परिपत्रके जातात, त्यांतील एकाने तरी हे दोन रकाने सुचवावेत.